नावावर जमीन नसलेल्या कुटुंबाचा पूर्वजशोध : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात सातबारा आणि फेरफार नोंदींवरून घराण्याची वंशावळ कशी लावावी, हे या सदरात सांगितले होते. त्यानंतर परळ, चेंबूर, कांजूरमार्ग, घाटकोपर अशा ठिकाणांहून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचे म्हणणे एकच होते : आमच्या पूर्वजांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती, मग आमचा माग कोठे लागणार? हा आक्षेप रास्त आहे आणि त्या लेखातील ती उणीव माझी आहे. म्हणून या वेळचे सर्व प्रश्न त्याच विषयावरचे घेतले आहेत.

प्रश्न : माझे आजोबा सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातून मुंबईला येऊन गिरणीत लागले. गावी आमचे घर आहे, पण शेत नाही. पणजोबा दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी करीत. गावात आमच्या आडनावाचे दुसरे कोणी नाही. तलाठी म्हणतात, तुमच्या नावे काहीच नाही. पणजोबांच्या मागे जाता येईल का? (एक वाचक, परळ)

उत्तर : जाता येईल. मात्र शोधाची सुरुवात गावातून न करता परळमधल्या आपल्या खोलीतून करावी. पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचे गिरणीचे तिकीट (कामगाराचे ओळखपत्र), बदली कामगाराचे, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी काम करणाऱ्याचे कार्ड, विम्याचे कार्ड किंवा भविष्य निर्वाह निधीचा वारस नेमल्याचा कागद असेल, तर त्यावर त्यांनी स्वतः सांगितलेले गावाचे नाव, वडिलांचे नाव आणि बहुधा वयही असते. तिकिटावरचे आडनाव आणि गावातले आडनाव वेगळे असण्याची शक्यता मोठी आहे. गिरणीच्या दारात आडनाव विचारले गेले, तेव्हा अनेकांनी गावाच्या नावाला ‘कर’ जोडून ते दिले आणि पुढच्या पिढ्यांना तेच चिकटले. गावात आपल्या आडनावाचे दुसरे कोणी नाही, याचा उलगडा बहुधा येथेच होईल. भावकी तेथेच असेल, पण वेगळ्या नावाने.

त्यानंतर आपल्या गावाच्या मुंबईतील ग्रामस्थ मंडळाकडे जावे. लालबाग-परळच्या चाळींत गावकऱ्यांच्या सामाईक खोल्या असत आणि जत्रेची, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी तेथे वहीत लिहिली जाई. ही वही वाडीवार आणि भावकीवार लिहिलेली असते. आजोबांचे नाव कोणत्या घराच्या खाली, कोणाच्या शेजारी आले आहे, ते पाहावे. जॉबर, म्हणजे गिरणीतील मुकादम, आपल्याच गावची माणसे कामावर आणत असे, त्यामुळे ज्याने आजोबांना गिरणीत लावले त्याच्या घरातील वृद्ध माणसेही आपल्या घराण्याविषयी सांगू शकतील. त्यांना ‘आमचा इतिहास सांगा’ असे न म्हणता नेमके विचारावे : कुलदैवत कोणते, देवक कोणते, शिमग्यात आमच्या घराकडे कोणते काम असे, दहाव्याला कोण बसत असे, आजोबांच्या आत्या कोणत्या गावी दिल्या होत्या. या उत्तरांचे मोल पुढे कागद हाती आल्यावर कळते.

आता गावाकडचे कागद पाहू. भूमिहीन माणसाची सर्वांत खात्रीची नोंद गाव नमुना नंबर 14 मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्या जन्म-मृत्यूच्या वहीत असते. जमीन असो वा नसो, जन्म आणि मरण लिहावे लागत असे. या वह्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात आणि अनेक गावांच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपर्यंत मागे जातात. त्यांत बापाचे नाव, जात, मूल मुलगा की मुलगी, आणि मृत्यूच्या नोंदीत कारण लिहिलेले असते. मुलाचे नाव मात्र पुष्कळदा नसते, कारण नोंद बारशाच्या आधीच होत असे. त्यामुळे आजोबांचे नाव शोधत बसू नये. पणजोबांच्या नावापुढे ‘मुलगा’ एवढेच लिहिलेली नोंद शोधावी.

अशा वह्यांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, एका तहसील कचेरीत मी स्वतः पाहिले आहेत. लाल कापडाची गाठ सोडल्यावर काही वह्यांचे कोपरे वाळवीने खाल्लेले निघाले, पण 1918 ची वही शाबूत होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या पानांवर मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, ‘ताप’. इन्फ्लुएंझाची ती साथ होती. मजुरी करणाऱ्या एकाच घरातील बाप, सून आणि सहा महिन्यांचे मूल अशा तीन नोंदी नऊ दिवसांत लागोपाठ आलेल्या होत्या. त्या घराबद्दल त्या गावात दुसरा कोणताही कागद नव्हता. अशा नोंदीत ‘ताप’, ‘पटकी’, ‘देवी’, ‘प्लेग’ यांपैकी काय लिहिले आहे ते अवश्य उतरून घ्यावे. आपल्या घराण्यातील मुले अचानक मामाकडे का वाढली, याचे उत्तर कधी त्या एका शब्दात असते.

एक गोष्ट येथे फार महत्त्वाची आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते. तेव्हा थोरल्या मुलाचा जन्म वडिलांच्या गावच्या वहीत न सापडता त्याच्या आजोळच्या वहीत सापडतो. अनेक वाचक वडिलांच्याच गावची पाने उलटून निराश होतात. त्याचप्रमाणे 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा गिरण्यांतील माणसे हजारोंनी गावी पळाली; त्या काळात मुंबईत राहणाऱ्या कुटुंबातील जन्म-मृत्यू गावाकडे लिहिलेले असू शकतात. पुढील काळातील मुंबईतली नोंद महापालिकेच्या विभाग कार्यालयात शोधावी. परळसाठी ते एफ दक्षिण.

शाळेचे जनरल रजिस्टर हा दुसरा मोठा आधार. पणजोबा शाळेत गेले नसतील, पण त्यांचा धाकटा भाऊ किंवा चुलतभाऊ एखादे वर्ष गेला असेल. वंशावळ शोधताना सरळ रेषेत मागे जाण्याचा हट्ट धरणारे लवकर अडतात. मी नेहमी भावांच्या आणि चुलत्यांच्या बाजूने जाण्यास सांगतो, कारण बाप त्यांचाही तोच किंवा आजा तरी तोच असतो. रजिस्टरमधील जन्मतारखेवर मात्र विसंबू नये. निम्मा वर्ग 1 जूनला जन्मलेला दिसला, तर ती गुरुजींनी शाळाप्रवेशासाठी घातलेली तारीख समजावी.

आता तलाठ्यांच्या ‘तुमच्या नावे काहीच नाही’ या उत्तराकडे येऊ. नावे नसेल, पण नाव असू शकते, आणि ते दुसऱ्याच्या कागदात असते. ज्याच्या शेतावर पणजोबा राबले, त्याच्या जुन्या सातबाऱ्यातील पीकपाहणीच्या भागात आणि इतर हक्कांत कुळाचे, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याचे नाव असते. 1948 च्या कूळ कायद्याखाली 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, म्हणजे कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले जाण्याचा दिवस ठरला आणि त्यानंतर कलम 32-ग खाली गावोगाव चौकशा झाल्या. त्यांत जमीन मिळाली त्यांची नावे आहेतच, पण ‘मी कूळ नाही, मजूर आहे’ असा जबाब देऊन किंवा द्यावा लागून जे बाहेर पडले, त्यांचीही नावे आणि अंगठे त्या फायलींत आहेत. घरांच्या आणि जागांच्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहिलेली असते, ‘पूर्वेस अमक्याचे घर, दक्षिणेस बोळ’. शेजाऱ्याच्या खतातील अशी एक ओळ पणजोबांच्या वडिलांचे नाव देऊन जाते. शिवाय आपला जिल्हा सातारा असल्याने 1879 चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा तेथे लागू होता. 1875 च्या दंग्यांनंतर आलेल्या या कायद्यामुळे कर्जरोखे निबंधकासमोर करावे लागत. सावकाराकडून दहा-वीस रुपये घेणाऱ्यांचे आणि त्यांना जामीन राहणाऱ्यांचे बापासकट नाव अशा रोख्यांत येते.

ग्रामपंचायतीची घरपट्टीची आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना 8, हीही पाहावी. आपले घर आहे, तेव्हा घरपट्टी कोणाच्या नावे निघत होती आणि ते नाव कोणत्या वर्षी बदलले, एवढ्यावरून पणजोबांच्या मृत्यूचा काळ हाती लागतो आणि मग कोतवाल बुकातील शोध दोन-तीन वर्षांपुरता उरतो.

अर्ज करताना गावाचा त्या काळातील पत्ता लिहावा. सातारा जिल्ह्याचे 1949 मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले, त्यामुळे त्या अकरा वर्षांतील कागदावर आपला तालुका ‘उत्तर सातारा’ या नावाखाली असेल. जुन्या वर्षांत शके आले तर 78 मिळवावेत आणि फसली, म्हणजे जुने महसुली वर्ष, आले तर 590; फसली 1310 म्हणजे 1900-01. जनगणनेच्या घरोघरच्या याद्यांची आशा धरू नये. 1948 च्या जनगणना कायद्याने त्या पाहण्यासाठी खुल्या नाहीत. अपवाद 1951 च्या नागरिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीचा. ती काही तहसील कचेऱ्यांच्या दफ्तरात आहे आणि तीत घरातील सर्व माणसे एकत्र लिहिलेली असल्याने आजोबांच्या भावंडांसाठी ती मागून पाहावी.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. जुन्या नोंदींत आडनाव क्वचित असते. ‘रामा बिन धोंडी’ एवढेच असते, आणि ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’. एका गावात असे तीन रामा बिन धोंडी एकाच वेळी नांदत असू शकतात. बापाचे नाव, वस्ती आणि आणखी एखादी स्वतंत्र खूण, जसे की भावाचे नाव किंवा आजोळचे गाव, या तिन्ही जुळल्याखेरीज कोणालाही आपला पूर्वज ठरवू नये. अशा शिस्तीने गेल्यास आपल्यासारख्या कुटुंबाला खापरपणजोबांपर्यंत पोहोचणे अशक्य नाही, आणि तेथपर्यंत पोहोचलेली नोंद पक्की असेल.

प्रश्न : आमचे घराणे 1956 च्या धर्मांतरापूर्वी महार म्हणून ओळखले जाई. वडील सांगत की आमच्याकडे ‘हाडोळा’ होता, पण तो कोणाच्या नावे होता हे कोणालाच माहीत नाही. याचा शोध घेता येईल का? (एक वाचिका, चेंबूर)

उत्तर : वडिलांनी सांगितलेला हा एक शब्द आपल्या घराण्याचा मोठा ठेवा आहे. हाडोळा किंवा हाडकी म्हणजे महार वतनाची जमीन. तराळकी (गावची हरकामी चाकरी), वेसकरकी (वेशीची राखण), सरकारी निरोप आणि सारा पोहोचवणे अशी चोवीस तासांची चाकरी गावकामगार म्हणून करावी लागे आणि तिच्या बदल्यात ही जमीन व बलुते मिळे. चाकरीच्या मानाने मोबदला किती तुटपुंजा होता आणि त्या बंधनाने माणूस कसा जखडला जात होता, हे मांडून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात 1874 च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले होते. ज्या वतनाच्या विरोधात ते उभे राहिले, त्याच वतनाच्या दफ्तराने आपल्या पूर्वजांची नावे जपून ठेवली आहेत. वतन वंशपरंपरेने चालत असल्याने सरकारला कोण कोणाचा मुलगा आणि कोणाचा हिस्सा किती, हे लिहून ठेवणे भाग होते.

त्यामुळे आपल्या बाबतीत सातबारा निरुपयोगी नाही. गावच्या वतन जमिनीचा गट किंवा सर्व्हे नंबर तलाठ्याकडून घ्यावा आणि त्याचे जुने फेरफार मागावेत. मुंबई कनिष्ठ गाव वतने नाहीशी करण्याचा 1958 चा कायदा 1 ऑगस्ट 1959 पासून अमलात आला आणि त्यानंतर जमिनी मूळ वतनदारांना नवीन शर्तीवर, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा अटीवर, पुन्हा देण्यात आल्या. त्या वेळच्या फेरफारात सर्व हिस्सेदारांची नावे एकाखाली एक येतात. कधी एका नोंदीत तीस-चाळीस नावे असतात. त्यांत आपल्या आजोबांचे नाव सापडले, तर वरखालची नावे भावकीची आहेत असे समजून चालावे. हिश्शाचे आणे-पै पाहावेत; पूर्ण वाटा सोळा आण्यांचा धरला जाई. दोन आणे हिश्शाचे चार धनी असतील, तर ते बहुधा एकाच बापाचे मुलगे किंवा नातू असतात, आणि अशा अपूर्णांकांवरून पिढ्या उलट्या मोजता येतात.

वारसाच्या चौकशीत कुर्सीनामा, म्हणजे घराण्याची वंशावळ, जोडलेला असे. तहसील किंवा प्रांत कचेरीकडे वतन प्रकरणाच्या फायलीची मागणी करताना हा शब्द अर्जात आवर्जून लिहावा. मिळत नाही असे तोंडी सांगितले गेले, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या फीसह अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे.

आपल्या पत्रातील एका वाक्याने मन हलले. जुन्या कागदांवर जातीचे नाव वाचताना वाईट वाटते, असे आपण लिहिले आहे. नोंद जशी आहे तशीच उतरून घ्यावी, तिच्यात बदल करू नये, एवढेच मी सांगेन. 1956 पूर्वीच्या रजिस्टरमध्ये एक शब्द आणि नंतरच्या रजिस्टरमध्ये ‘बौद्ध’ हा शब्द, अशी एकाच घरातील दोन भावंडांची दोन पाने शेजारी ठेवली, तर आपल्या वडिलांच्या पिढीने घेतलेला निर्णय आपल्याला त्यांच्याच शाळेच्या वहीत दिसेल.

प्रश्न : माझी पणजी तरुणपणी विधवा झाली आणि दोन मुलांना घेऊन मुंबईत येऊन गिरणीच्या वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यात लागली. वंशावळीत सगळीकडे पुरुषांचीच नावे आहेत. तिचे माहेर शोधता येईल का? (एक वाचिका, कांजूरमार्ग)

उत्तर : स्त्रीचा माग काढणे अधिक कठीण आहे, कारण आपल्याकडे लग्नात तिचे आडनाव बदलले जाते तसे पुष्कळदा पहिले नावही बदलले जाते. आपण ज्या नावाने पणजीला ओळखता, ते नाव तिच्या माहेरच्या कोणत्याही वहीत नसेल. म्हणून प्रथम घरातील वृद्धांना तिचे माहेरचे नाव विचारावे; ‘मामा तिला काय म्हणून हाक मारत’ असे विचारले, तर उत्तर लवकर मिळते.

पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या कागदांत स्त्रीची ओळख ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ या शब्दाने येते. ‘सखू कोम गणू’ म्हणजे गणूची बायको सखू. विदर्भाकडे ‘जौजे’ आणि विधवेसाठी ‘बेवा’ हे शब्द दिसतात. पणजी विधवा होती आणि मुले लहान होती, तेव्हा सासरच्या घराचा किंवा जागेचा काही हिस्सा असल्यास मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असे लिहून तिचे नाव आलेले असेल. ‘अज्ञान पालन कर्ता’ याचे ते लघुरूप आहे. स्त्रिया नोंदीत जेथे हमखास भेटतात अशी ही जागा आहे.

माहेरासाठी थोरल्या मुलाच्या जन्माची नोंद शोधावी. ती आजोळच्या कोतवाल बुकात असण्याची शक्यता आहे, हे वर सांगितलेच आहे. तिच्या भावांच्या घरी शेतजमीन असेल तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतरच्या वारस नोंदी पाहाव्यात. त्यांत लेकींची नावे नवऱ्याच्या नावासह येऊ लागली, आणि हक्कसोडपत्र झाले असेल तर त्यावर तिच्या किंवा तिच्या बहिणींच्या अंगठ्याचा ठसाही असतो. तिचा मृत्यू मुंबईत झाला असल्यास महापालिकेची मृत्यूनोंद काढावी. तीत तिचा राहता पत्ता मिळेल आणि त्या चाळीत तिच्या गावचे आणखी कोण राहत होते, हे विचारता येईल. एकटी स्त्री दोन मुलांना घेऊन शहरात आली, तेव्हा ती ओळखीच्या कोणाच्या तरी आधारानेच आली असणार, आणि तो आधार माहेरचा असण्याचा संभव मला अधिक वाटतो.

प्रश्न : तहसील कचेरीतून मिळालेली 1909 ची नक्कल मोडी लिपीत आहे. वाचून देणारे गृहस्थ पैसे मागतात आणि त्यांचे वाचन बरोबर आहे हे कळत नाही. काय करावे? (एक वाचक, घाटकोपर)

उत्तर : पैसे देऊन वाचून घेण्यात गैर काही नाही, पण केवळ सारांश घेऊ नये. ओळीला ओळ लावून बालबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, पूर्ण लिप्यंतर मागावे आणि न लागलेले अक्षर रिकामे सोडण्यास सांगावे. जो वाचक एकही जागा रिकामी सोडत नाही, त्याच्या वाचनाची दुसऱ्याकडून खात्री करून घ्यावी. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरे लटकवलेली असतात, शब्द तोडलेले नसतात आणि ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे नावांत घोटाळा होणे स्वाभाविक आहे.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे थोडी मोडी स्वतः शिकणे. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे प्रशिक्षण वर्ग घेतले जातात. आपल्याला बखरी वाचायच्या नाहीत. आपल्या गावाचे नाव, दहा-बारा पूर्वजांची नावे, ‘बिन’, ‘कोम’, ‘मयत’ आणि जातीचा शब्द एवढे ओळखता आले तरी कोतवाल बुकाचे पान आपल्यापुरते वाचता येते. कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 पासून अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर मोडी पानांच्या प्रतिमा ठेवल्या गेल्या आहेत. त्या पानांवर एका जातीच्या नोंदीच्या वरखाली गावातील इतर सर्वांच्याही नोंदी आहेत. आपल्या गावचे पान तेथे मिळाले, तर सरावही तेथेच करावा आणि शोधही तेथूनच सुरू करावा.